राग खरा, पण पत्ता चुकीचा

सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी कशी असते हे आपल्या वस्तीला कुणी सांगायची गरज नाही. खाजगीत जायची ऐपत नसते, म्हणून आपणच तिथे जातो. स्ट्रेचर सापडत नाही, म्हणून पेशंटला आपणच उचलून आत नेतो. डॉक्टर एक आणि पेशंट चाळीस. इंजेक्शन बाहेरून आणा म्हणतात, आणि बाहेर रात्री दोन वाजता एकच मेडिकल उघडे असते. अशा वेळी माणसाचा तोल जातो. समोर जो असतो त्याच्यावर तो जातो, आणि समोर असते सिस्टर, वॉर्डातले मामा, मावशी किंवा १०८ चा चालक.

मी जीएनएम करून बरीच वर्षे कॅज्युअल्टीत काढली. "फुकटचा पगार खाता", "सरकारी जावई झालात" ही वाक्ये मी मोजायची सोडून दिली होती. राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचे लेकरू तापाने फणफणत असते त्याने शांत राहावे, हे सांगणाऱ्याचे लेकरू बहुतेक घरी सुखरूप झोपलेले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. हा राग ज्याच्या दारात जायला हवा तिथे तो कधीच पोचत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

हिशोब करून बघू. मोठ्या शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. आपण नात्यातल्या पेशंटला भेटायला गेलात तर वॉर्डात उभे राहून मोजा. रात्रपाळीला तीस-चाळीस खाटा आणि जमिनीवरच्या गाद्यांना मिळून एक किंवा दोन सिस्टर दिसतील. एका पेशंटचे सलाईन संपत आलेले, दुसऱ्याला झटका आलेला, तिसऱ्याचा नातेवाईक ओरडतोय. ती एका जागी गेली की दुसऱ्या दोन जागी ती "दुर्लक्ष करणारी" ठरते. आभाळच फाटले, ती ठिगळ कुठे कुठे लावणार?

पदे का रिकामी राहतात? पैसा दिला जात नाही म्हणून. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले आहे की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर खर्च करावा. आपला महाराष्ट्र श्रीमंत राज्य म्हणवतो, पण त्या आठ टक्क्यांच्या तो आजही बराच मागे आहे. पद मंजूर असते, भरती होत नाही. भरती झाली तर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. सफाई, सुरक्षा, रुग्णवाहिका ही कामे ठेकेदाराकडे. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी १०८ ची सेवा सुरू झाली. ती गरिबाला खरोखर उपयोगी पडली, अनेक बायाबापड्यांचे जीव त्या गाडीने वाचवले. पण तिचा चालक सरकारी नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस आहे. गाडी उशिरा आली की शिवी त्याला बसते. गाड्या किती असाव्यात आणि कुठे उभ्या असाव्यात, हे ठरवणारा माणूस आपल्याला कधी दिसतच नाही.

नांदेड आठवा. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसे गेली, त्यात बारा नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा आणि अपुरे मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. ते अधिष्ठाता अनुसूचित जमातीचे. पुढे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा नोंदला गेला. टीव्हीवर ते दृश्य पाहून अनेकांना बरे वाटले, "बघा, कुणीतरी जाब विचारला" असे म्हणणारे आपल्यातही होते. पण कॅमेरा निघून गेल्यावर वॉर्डात एक तरी सिस्टर वाढली का? औषधाची एक तरी पेटी आली का? ज्यांच्या हातात तिजोरीची किल्ली आहे त्यांनीच हातात झाडू द्यायचा, आणि आपण टाळ्या वाजवायच्या? खरा जाब त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने विचारला. त्याने स्वतःहून दखल घेतली आणि पदे किती रिकामी, निधी किती, याचा हिशोब सरकारकडे मागितला. प्रश्न असा विचारायचा असतो.

नगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा पेशंट गेले. अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. आग विझवायची यंत्रणा बसवणे हे परिचारिकेचे काम आहे का? ज्या फाइलीवर त्या यंत्रणेचा खर्च अडकतो, ती फाइल परिचारिकेच्या टेबलावर कधीच येत नाही.

आपल्या समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण मार खाणारे हात आपलेच आहेत. नर्सिंगच्या वसतिगृहात, वॉर्डाच्या सफाईत, रुग्णवाहिकेच्या स्टेअरिंगवर आपल्याच वस्त्यांतली मुले-मुली आहेत. "जय भीम, ताई" म्हणून दारात ओळख देणारा माणूस पाच मिनिटांनी त्याच ताईच्या अंगावर धावून गेलेला मी पाहिला आहे. आणि मारणाऱ्याचेही नुकसान होते. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रुग्णालयात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई वेगळी. एका रात्रीच्या रागापायी पोराचे पोलीस व्हेरिफिकेशन अडकते, नोकरी हातची जाते. तिजोरीवाल्याला ओरखडाही उठत नाही.

पैसा नाही, हे सरकारचे उत्तर चालत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार होता. खाट नाही, सोय नाही म्हणत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. शेवटी खाजगीत पैसे मोजून तो वाचला. शेतमजुरांची संघटना त्याच्यासोबत न्यायालयात गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण सांगून राज्याला या जबाबदारीतून सुटता येणार नाही. त्या मजुराला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. त्याच्या मागे संघटना उभी होती, म्हणून त्याचा राग सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

मग आपण काय करायचे?

कॅज्युअल्टीत गेल्यावर वेळ, ड्युटीवरच्या डॉक्टरचे नाव आणि केसपेपरचा नंबर लिहून घ्या. औषध बाहेरून आणायला लावले तर चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. आपल्यानंतर आलेल्याला आधी घेतले तर लगेच वशिला समजू नका. ज्याच्या जिवाला जास्त धोका त्याला आधी घेतात. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेला पेशंट पुष्कळदा जास्त गंभीर असतो. पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबा, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. आणि हलगर्जीपणा खरोखर झालाच असेल, तर दुसऱ्या दिवशी अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कर्मचाऱ्याची चूक झाकावी असे मी कुठेही म्हटलेले नाही. चूक कागदावर आली तरच तिची चौकशी होते.

मंडळाने किंवा महिला मंडळाने मिळून माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न चारच विचारा: परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? कंत्राटावर किती? रुग्णवाहिका किती आणि त्यातल्या चालू किती? औषधांसाठी निधी किती आला आणि किती खर्च झाला?

ते उत्तर हातात घेऊन अंदाजपत्रकाच्या आधी नगरसेवक आणि आमदाराच्या दारात जा. जाताना त्या रुग्णालयातल्या सिस्टर, मामा आणि चालकांनाही सोबत बोलवा. आपली मागणी आणि त्यांची मागणी एकच आहे: माणसे भरा, औषध द्या, गाड्या चालू ठेवा. जोवर आपण आणि ते एकमेकांशी भांडत आहोत, तोवर तिजोरीवाल्याला रात्री शांत झोप लागणार आहे.