काटा एकच, ओलाव्याची अट वेगळी

‘तोच कोड तीन ठिकाणी असला म्हणून बिघडलं काय? वाचायला सोपा आहे ना!’ नांदेड-लातूरकडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हे मुलंच म्हणतात असं नाही, शिकवणारेही म्हणतात. अशा नकला टाळणाऱ्या जेनेरिक मेथडमधला कोनी कंसातला ‘टी’ म्हणजे त्यांच्या लेखी नुसती पंडिती. वर लातूर पॅटर्नचा दाखला असतोच: पुन्हा पुन्हा लिहिल्यानं हात बसतो.

हात बसतो, खरं आहे. पण शंभर गणितं सोडवायची ती रीत कळावी म्हणून. रीत कळल्यावरही प्रत्येक आकड्यासाठी नवी रीत पाठ करणाऱ्याला लातुरात कुणी हुशार म्हणणार नाही.

वाचायला सोपा, या मुद्द्याला मीही एकदा भुललो होतो. एका आडतीसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. दिवसातला सर्वांत चढ्या भावाचा सौदा शोधणारं फंक्शन आधी सोयाबीनसाठी केलं, मग तूर आणि हरभऱ्यासाठी त्याची नक्कल मारली. यादीतला पहिला सौदा सर्वांत मोठा धरायचा आणि पुढे तुलना करत जायचं. आवकच नसली तर पहिला सौदा कुठला? प्रोग्राम पडला. सोयाबीन आणि तुरीत दुरुस्ती केली, हरभरा विसरलो. तिन्ही नकला सुट्या वाचायला सोप्याच होत्या. तिन्ही शेजारी ठेवून मात्र कुणी वाचत नाही, मीही वाचल्या नव्हत्या.

मोंढ्यात तुरीला वेगळा काटा आणि हरभऱ्याला वेगळा, असं कुणी करत नाही. जेनेरिक मेथड तेच सांगते: ‘टी’ कुठलाही सौदा असो, त्याला भाव असला म्हणजे झालं. आणि तुरीची यादी दिली तर हातात तुरीचाच सौदा पडतो, नुसता ‘कुठला तरी माल’ नव्हे. जावामध्ये ही सोय २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधी यादीत काहीही कोंबता येई. बाहेर काढताना ‘ही तूरच आहे’ असं आपण छातीठोकपणे सांगायचं, आणि ते खोटं निघालं तर प्रोग्राम चालता चालता आपटायचा. आता तीच चूक कम्पायलर दारातच अडवतो.

‘गो भाषेचं जेनेरिकवाचून भागलं की!’ असंही विरोधक ऐकवतात. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गोनं २०२२ मध्ये, १.१८ आवृत्तीत, जेनेरिक घेतलंच. त्याआधीही तिचे स्लाइस आणि मॅप कुठल्याही टाइपला चालत होते. म्हणजे भाषा रचणाऱ्यांनी ही चैन स्वतःपुरती ठेवली होती. बाकीच्यांनी नकला माराव्यात!

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी खोडणार नाही. चुकीचं एकत्रीकरण नकलेपेक्षा महाग पडतं, असं प्रोग्रामर-लेखिका सँडी मेट्झ सांगतात, ते मला पटतं. काटा सर्वांना एक चालतो, पण ओलावा मोजण्याच्या यंत्रात आधी धान्य निवडावं लागतं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, तुरीलाही १२. दोन सारखे आकडे दिसले की आमच्यातल्या उत्साही पोरांचे हात ते एका मेथडमध्ये घालायला शिवशिवतात. २०२४ च्या खरिपात केंद्रानं सोयाबीनची मर्यादा १५ वर नेली. ती सवलत सोयाबीनपुरतीच होती.