आता सीडी कोन वापरते, मामा?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय तसा किरकोळ आहे, पण गेले दोन महिने डोक्यातून जात नाहीये, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

झालं असं की ताईच्या मुलाला शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. नांदुऱ्याहून ताई आणि तो खामगावला आले आणि लॅपटॉप घ्यायला 'मामाला त्यातलं कळतं' म्हणून मला सोबत घेतलं. (मामाला त्यातलं साधारण 2009 पर्यंतचं कळतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.) भाच्याने मोबाइलवर आधीच सगळं बघून ठेवलं होतं. रॅम एवढी, एसएसडी तेवढी, वजन दीड किलोच्या आसपास. मी आपला लॅपटॉप उचलून उजवी कड पाहिली, डावी कड पाहिली आणि विचारलं, "आणि सीडी ड्राइव्ह?"

काउंटरवरचा मुलगा हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. "भाऊ, आता ड्राइव्हवाला येतच नाही," म्हणाला. भाचा मात्र खो खो हसला. "आता सीडी कोन वापरते, मामा?"

मला राग आला. तिथेच दुकानात मी दहा मिनिटं भाषण दिलं. प्रिंटरची सीडी कुठे घालशील, उद्या विंडोज उडालं तर काय करशील, कंपन्या पैसे वाचवतात आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं, वगैरे वगैरे. ताई खुर्चीवर बसून चहा पीत होती. शेवटी लॅपटॉप अर्थातच बिनड्राइव्हचा घेतला. दुसरा नव्हताच!

घरी येऊन शांत डोक्याने विचार केला तेव्हा भाषणातला एकेक मुद्दा गळायला लागला. प्रिंटर हल्ली ड्रायव्हर नेटवरून आपणच उतरवून घेतो. आणि विंडोज 11 ची फाइल पाच जीबीच्या वर जाते, म्हणजे 4.7 जीबीच्या साध्या डीव्हीडीवर ती मावतच नाही. ते पेन ड्राइव्हवरूनच टाकायचं असतं. म्हणजे ज्या कामासाठी मी ड्राइव्ह मागत होतो, त्या कामाचाच तो राहिलेला नाही. मग एवढा राग कशाचा आला?

तुमच्यापैकी जे आपल्या भागात वाढले त्यांना हे समजेल. पुण्या-मुंबईच्या लोकांना सीडी म्हणजे गाणी आणि सिनेमे. आपल्याकडे सीडी हेच इंटरनेट होतं. हिशेब करून बघा. 700 एमबीची एक सीडी, 56 केबीपीएसचा मोडेम. मोडेम सगळा वेळ पूर्ण वेगाने चालला (तो कधीच चालला नाही) तरी एवढं उतरवायला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागायचे. आणि 2006-07 चं लोडशेडिंग आठवतंय ना? सलग तीन तास लाइट राहिली तर लोक घड्याळ बघायचे. त्यामुळे आमच्या घरी जे काही नवीन यायचं ते चकतीवर बसून यायचं. 'डिजिट' आणि 'चिप' मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यासाठी मासिक घ्यायचं. उबुंटूवाले 2011 पर्यंत मागेल त्याला जगात कुठेही फुकट सीडी पाठवायचे. परदेशातून आलेलं ते पाकीट देताना पोस्टमनकाकांनी 'आत काय आहे, किती पैसे भरले' अशी चौकशी केली होती. एक पैसा भरला नाही म्हटल्यावर त्यांनी पाकीट पुन्हा एकदा उलटंपालटं करून बघितलं. सरकारने काढलेली भारतीय भाषांच्या फॉन्टची मोफत सीडी पण अशीच पोस्टाने मागवता यायची.

मग 2007 मध्ये मोसर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी आणली आणि गावागावातल्या किराणा दुकानात सिनेमे लटकायला लागले. नकली सीडी घेण्यापेक्षा खरी स्वस्त, असं पहिल्यांदाच झालं होतं. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि 2018 मध्ये तिच्या दिवाळखोरीचा शेवटचा आदेश निघाला. शेगावला मंदिराच्या रस्त्यावर 'गजानन विजय'च्या एकवीस अध्यायांची एमपीथ्री सीडी घेतल्याशिवाय आई परत यायची नाही, घरी आधीच्या दोन असल्या तरी. हल्ली सीड्या दिसतात त्या शेतात. ज्वारीवर दोरी बांधून टांगलेल्या असतात, उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात म्हणे. बिचकत असतील.

असो. भरकटलो. मुद्दा लॅपटॉपचा.

ड्राइव्ह काढून टाकण्यात कंपन्यांचा स्वार्थ होता का? होताच. 2008 मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर पाकिटातून काढून दाखवला तेव्हा त्यात ड्राइव्ह नव्हता, आणि हवाच असेल तर बाहेरून लावायचा वेगळा विकायला ठेवला होता. तेव्हा मी इथे बसून त्यांची टिंगल केली होती. पण लॅपटॉप खोलून बघितला की त्यांची अडचण कळते. आतला ड्राइव्ह जुना असेल तर पावणेतेरा मिलीमीटर जाड, नंतरचा साडेनऊ. आज अख्खा लॅपटॉप अठरा-वीस मिलीमीटरचा असतो. वर चकती बारा सेंटिमीटरची, म्हणजे एवढी जागा कोपऱ्यात राखून ठेवायची आणि ती वर्षातून दोनदा वापरायची. तीच जागा बॅटरीला दिली तर कॉलेजच्या पोराला प्लग शोधत फिरावं लागत नाही. आमच्या इथल्या रिपेअरवाल्यांना हे कंपन्यांच्या आधी कळलं होतं. जुना लॅपटॉप स्लो झाला म्हणून नेला की ते डीव्हीडी काढून त्या खणात कॅडी लावायचे आणि एसएसडी बसवून द्यायचे. "डीव्हीडी वापरता का हो?" हा प्रश्न फक्त शिष्टाचार म्हणून. उत्तराची वाट न बघता स्क्रू काढायला सुरुवात व्हायची.

तेव्हा माझं मत, लिहून ठेवा: लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नको. भाचा बरोबर होता. (ताई, हे त्याला वाचून दाखवू नको.)

पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. आता सीडी कोण वापरतं? दोन ठिकाणी मला ती भेटली.

पहिलं ठिकाण दवाखाना. गेल्या वर्षी आईच्या कमरेचा एमआरआय काढला. सेंटरवाल्यांनी मोठं पाकीट दिलं, त्यात फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी. पुढे दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सीडी मागितली, मी अभिमानाने काढून दिली. त्यांच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. बाहेरच्या कॉम्प्युटरला होता, तो बंद. शेवटी डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरून बघितली. आता एमआरआयमध्ये शेकडो चित्रं निघतात, पातळ कापासारखी. फिल्मवर त्यातली निवडक छापतात. बाकीची सगळी त्या सीडीत, आणि सीडी आमच्या हातात, आणि आई स्टुलावर कंबर धरून बसलेली. आणखी एक चक्कर झाली. भाड्याची गाडी, डबा, सगळं.

त्या दिवशी मला वाटलं होतं की बघा, म्हणून लॅपटॉपला ड्राइव्ह पाहिजे. आज वाटतं, चूक देणाऱ्याची आहे. जे घेणारा उघडू शकत नाही ते द्यायचं कशाला? लिंक द्या, पेन ड्राइव्हवर द्या, आम्ही आणून देतो. तोपर्यंत माझा सगळ्या नातेवाइकांना सल्ला असा की सेंटरवरच विचारा, 'सीडीशिवाय आणखी कशात देता का?' हल्ली बरेच जण देतात, पण विचारल्यावर देतात.

दुसरं ठिकाण आमचं कपाट. खरं तर ह्याच्यासाठीच लिहायला बसलो.

लॅपटॉपची गोष्ट रात्री जेवताना निघाली. भाषणाचा किस्सा सांगून सगळे हसत होते. आई एकदम म्हणाली, "मंग तिच्या लग्नाची सीडी कायच्यात पाह्याची?" मी म्हटलं, माझ्या जुन्या लॅपटॉपला आहे ना ड्राइव्ह, काळजी कशाला. आई म्हणाली, "पाहून घेजो. त्याच्यात तुह्या बाबाचा आवाज हाय."

ताईचं लग्न 2006 चं. बाबा 2011 मध्ये गेले. फोटो भरपूर आहेत, पण त्यांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओची सोय नव्हती आणि आमच्या कुणाच्या डोक्यात कधी रेकॉर्डिंग आलं नाही. त्यांचा आवाज आहे तो तेवढ्या एका जागी.

तीन डीव्हीडी. प्रत्येकीवर नवरानवरीच्या फोटोचं गोल स्टिकर, बाजूला गुलाब. माझ्या 2009 च्या लॅपटॉपचा ट्रे बाहेर येईना. त्याच्या तोंडावर एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी सरळ करून खुपसली तेव्हा आला. पहिली डिस्क चालली. तिसरी चालली. दुसरी घातली की घर्रर्र आवाज, मग टक् टक्, मग सगळा लॅपटॉप गोठायचा. पंगतीचा भाग दुसऱ्या डिस्कवर आहे.

आपण घरी किंवा स्टुडिओत लिहितो त्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर त्याला जागोजागी जाळतो, आणि त्या जळलेल्या-न जळलेल्या ठिपक्यांत आपलं लग्न असतं. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू उतरतो. वरून कागदाचं स्टिकर लावलं की तापून आक्रसतं, चकती किंचित वाकते, आणि लेझरचा नेम चुकतो. आमचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 वर जातो. अशा अठरा-एकोणीस मे महिन्यांत त्या चकत्या तिथे पडून होत्या.

फोटोग्राफरकडे गेलो. मूळ कॅसेट तेव्हाच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. तेव्हा सगळेच तसं करायचे. मग बाहेरून यूएसबीला लावायचा ड्राइव्ह मागवला, दीड-दोन हजारांत येतो. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला कधी कधी वाचता येते. आणि डीडीरेस्क्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते आधी सोपा सोपा भाग उचलतं आणि मग खराब जागांवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतं. दोन रात्री ते चालू होतं. मी मधून मधून उठून बघत होतो. खराब भागाचा आकडा हळूहळू कमी होत होता आणि एका जागी येऊन थांबला, तो थांबलाच.

बाबा पंगतीत बुंदीची बादली घेऊन फिरतायत. वाढप्यांना देतच नाहीत, स्वतःच वाढतायत. कॅमेरा जवळ जातो, ते वर बघतात आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. चेहरा अर्धा जागच्या जागी थांबतो. आवाजही तुटतो. मग चौकोनांच्या मागून येतो, "...काय दाखवतं, पंगत दाखव पंगत." आधीचं वाक्य गेलं. "अरे, मले" असं काहीतरी असणार. आम्हाला पाठ होतं असं वाटायचं, पण आता ताई म्हणते "मले", आई म्हणते त्यांनी त्या पोराला नावाने हाक मारली होती.

आईने ते चार वेळा लावायला सांगितलं.

आता मला माझ्या रागाचं कारण दिसतं. इतकी वर्षं तो जुना लॅपटॉप मी सांभाळून ठेवला, विकला नाही, कॅडीवाल्याला हात लावू दिला नाही, 'आपल्या सीड्या आहेत ना' म्हणून. आणि त्या सीड्या एकदाही घालून बघितल्या नाहीत. ड्राइव्ह घरात आहे म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे, असा माझा समज होता. 2012 मध्येच तो लॅपटॉप बंद पडला असता, तर मी घाबरून तेव्हाच सगळं उतरवून घेतलं असतं आणि ते वाक्य पूर्ण मिळालं असतं. म्हणून म्हणतो, लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नाही ते बरंच आहे. निदान भाचा तरी माझ्यासारखा निर्धास्त राहणार नाही.

पण घराण्यात एक ड्राइव्ह हवा, आणि तो आत्ता हवा. सोनीने 2025 च्या फेब्रुवारीपासून रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. त्याच घोषणेत लग्नाच्या शूटिंगला वापरायच्या त्या छोट्या मिनी डीव्ही कॅसेटही गेल्या. बाहेरून लावायचे ड्राइव्ह अजून मिळतात. किती वर्षं मिळतील, कुणाला ठाऊक.

तर मोठ्या काकू, मलकापूरची आत्या, चिखलीचे सगळे: दिवाळीला खामगावला येताना आपापल्या घरातल्या सीड्या घेऊन या. लग्नाच्या, बारशाच्या, पंचाहत्तरीच्या, सगळ्या. ड्राइव्ह माझ्याकडे आहे, दोन हार्ड डिस्क पण आणून ठेवल्यात, एक इथे राहील आणि एक ताईकडे नांदुऱ्याला. उतरवायचं काम भाच्याने मागून घेतलंय. येताना डब्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि स्टिकर निघालेलं दिसलं तरी ओढून काढू नका, आहे तसंच आणा.