विश्लेषण : साठीनंतर मोबाइल जमत नाही, की शिकवलाच जात नाही?

सोयाबीनला शेंगा धरल्या की शेगाव, खामगाव, जळगाव जामोद पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'भाऊ, माह्यंही एवढं भरून दे, आपल्याले नाही जमत.' बोलणारे साठीच्या पुढचे असतात, हातात सातबारा असतो आणि भरायची असते ती ई-पीक पाहणी. 'आपल्याला जमत नाही' ही भावना खरोखर वयामुळे येते का? आणि तिची किंमत किती?

ई-पीक पाहणी म्हणजे काय?

पूर्वी सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइल अ‍ॅपवर करायची पद्धत सुरू झाली. गाव, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरून शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटो कुठून काढला, हे फोनचे लोकेशन सांगते. त्यामुळे घरी ओट्यावर बसून हे काम उरकत नाही.

नोंद राहिली तर काय होते?

2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने 2024 मध्ये अर्थसाहाय्य जाहीर केले. 0.2 हेक्टरपर्यंत सरसकट 1,000 रुपये आणि त्यापुढे हेक्टरी 5,000 रुपये, कमाल 2 हेक्टरपर्यंत. त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. पीक शेतात होते, पण अ‍ॅपमध्ये नव्हते, असे शेतकरी सुरुवातीला यादीबाहेर राहिले. पुढे सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांसाठी ही अट शिथिल झाली. मात्र हमीभावाने विक्री करताना सातबाऱ्यावरची पीक नोंद आजही लागते. बुलढाण्यासारख्या सोयाबीन-कापसाच्या जिल्ह्यात म्हणूनच हा प्रश्न थेट खिशाशी जोडलेला आहे.

अडचण वयाची की सरावाची?

वयाचा भाग आहेच. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर दिसेनासे होते, नवी गोष्ट शिकायला थोडा जास्त वेळ लागतो. पण हेच आजोबा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवतात, यूट्यूबवर कीर्तन लावतात, बाजारभाव पाहतात. कारण ते रोज करतात.

ई-पीक पाहणी मात्र वर्षातून मोजक्या वेळाच. त्यात 2021 चे अ‍ॅप 2022 मध्ये बदलले आणि पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडले जाऊन पुन्हा नवे आले. एकदा शिकलेले पुढच्या हंगामात कामी येईलच, याची खात्री नाही. प्रस्तुत प्रतिनिधीचे शिक्षण अभियांत्रिकीचे. तरी सहा महिन्यांनी उघडलेल्या सरकारी अ‍ॅपमध्ये बटण शोधत बसावे लागते. फरक इतकाच, की तिशीच्या आत आपण अ‍ॅपला दोष देतो आणि साठीनंतर स्वतःला.

प्रशिक्षणात कोण सुटले?

ग्रामीण भागासाठी केंद्राने 2017 मध्ये 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' आणले. उद्दिष्ट 6 कोटी ग्रामीण कुटुंबांचे. मार्च 2024 मध्ये ते संपले तेव्हा सुमारे 6.39 कोटी लोकांचे प्रशिक्षण झाले होते. अभ्यासक्रम 20 तासांचा, पण वयाची अट 14 ते 60 आणि एका घरातून एकच व्यक्ती. म्हणजे 61 वर्षांच्या शेतकऱ्याला पाहणी मोबाइलवरच करायची होती, मोबाइल शिकवणारा वर्ग मात्र त्याच्यासाठी नव्हता.

घरात काय चुकते?

मुलगा किंवा नातू फोन हातातून घेतो आणि दोन मिनिटांत काम उरकतो. काम होते, शिकणे होत नाही. नोंद दुसऱ्याच्या नंबरवरून झाली, तर ओटीपीही त्याच्याच फोनवर जातो. शिवाय प्रत्येक वेळी ओटीपी दुसऱ्याच्या हवाली करायची सवय लागली, की फसवणूक करणाऱ्याचे काम सोपे होते.

पर्याय कोणते?

- मुदतीत राहिलेल्या गटांची पाहणी गावासाठी नेमलेले सहाय्यक करतात. आपल्या गावाचा सहाय्यक कोण, हे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे विचारा.
- अ‍ॅपच्या दुसऱ्या आवृत्तीपासून चुकलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय आली. चुकण्याच्या भीतीने नोंद टाळू नका.
- फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करा. फोन स्वतःच्या हातात ठेवा, घरच्यांनी शेजारी उभे राहून फक्त सांगावे. टप्पे वहीत लिहून ठेवा, पुढच्या हंगामात उपयोगी पडतील.
- निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनला घरी बोलावता येते.

पुढे काय?

हंगामाआधी ग्रामपंचायतीने एखाद्या शेतात दोन तासांचा सराव घेतला, तर त्याला मोठा निधी लागत नाही. पुढची डिजिटल साक्षरता योजना येईल तेव्हा तिच्यात साठीची मर्यादा नसावी, ही मागणी मात्र आताच व्हायला हवी. सातबारा ज्यांच्या नावावर आहे, त्यांतले अनेक जण त्या मर्यादेच्या पलीकडेच उभे आहेत.