‘परत का आला नाहीत?’ हे नेमके कोणाला विचारायचे?

माझ्या वर्गातील दोघे यंदा शिक्षणासाठी परदेशी निघाले आहेत. निरोप देतानाच त्यांना देशभक्तीचा जाब विचारला गेला. तो ऐकताना मला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवले. #थ्रेड

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खानखोजे जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत ते शेतीशास्त्र शिकले. शिकत असतानाच गदर चळवळीच्या उभारणीत उतरले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. परतीची वाट त्यांनी स्वतःच बंद करून घेतली, असे कोणी म्हणेल. पण त्या वाटेवर पहारा कोणाचा होता?

बरे, अमेरिकेत तरी राहता आले असते का? १९१७ च्या कायद्याने हिंदी लोकांना तेथील दार जवळजवळ बंद झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात (हेही शिकायला गेलेले, वर अमेरिकी सैन्यात सेवा केलेले!) सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर अनेकांना आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

खानखोज्यांनी १९२४ मध्ये मेक्सिको गाठले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. चित्रकार डिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले आहे: सर्वांसोबत मेजाशी बसून पाव मोडणारा माणूस.

ही विदर्भाची हानी होती का? होती, आणि ती मी नाकारत नाही. निव्वळ सुखासाठी परदेशी राहणारेही असतात. त्यातही मला पाप दिसत नाही. माझा आक्षेप एवढाच की, आपण हिशेब नेहमी विद्यार्थ्याकडे मागतो, दारे उघडणाऱ्या आणि लावणाऱ्या सरकारांकडे नाही.

कारण पुढचा प्रसंग असा: स्वातंत्र्यानंतर खानखोज्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सरकारने तो आधी फेटाळला. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते! निर्णय पुढे फिरला. १९५५ मध्ये, सत्तरीच्या आसपास, ते नागपुरात कायमचे राहायला आले.