एक कटिंग, एक सुट्टी

परवा डेडलाइन मारून टपरीवर कटिंग घेत उभी होते. पाठीला दप्तर लावलेला एक मुलगा आला. 'काका, एक सुट्टी.' आवाजही अजून फुटला नव्हता. काकांनी दिलीसुद्धा! अठराच्या आतल्यांना तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात तर २०२०मध्ये सुट्टी सिगरेट विकण्यावरच बंदी आली. पण टपरीवर कोण बघतंय? आणि मी तरी कुठे तोंड उघडलं?

तीन वर्षांपूर्वी मात्र उघडलं होतं. दहावीतला माझा मावसभाऊ गच्चीवर सिगरेटसकट सापडला. मी फुल ताईगिरी केली. कॅन्सर, फुप्फुसं, 'मावशीला सांगेन हं!' तो गप्प. भर मे महिन्यात त्याने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. मी पाहिलं आणि सोडून दिलं. दोन महिन्यांनी मावशीचा रडत फोन आला. तो स्वतःला इजा करून घेत होता. सिगरेटच्याही आधीपासून.

नंतर मी वाचत सुटले. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. सिगरेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी तर दहावा वाढदिवस व्हायच्या आतच सुरुवात केली होती. आणि लवकर सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे स्वतःला इजा करण्याचा धोका जास्त दिसतो, असं बरेच अभ्यास सांगतात.

म्हणजे सगळा दोष सिगरेटचाच? नाही. बऱ्याचदा नैराश्य, घरातली भांडणं, मारहाण आधीच असते. सिगरेट हा त्यावरचा जुगाड. पण मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि निकोटिन काही सेकंदांत तिथे पोचतं. असर उतरला की चिडचिड, बेचैनी. मग पुढची सिगरेट. पोराला वाटतं, टेन्शन गेलं. खरं तर तिनेच आणलेली बेचैनी ती तेवढ्यापुरती घालवते.

भाऊ आता कॉलेजात आहे. कौन्सेलिंग चालू आहे, सिगरेट अजून पूर्ण सुटलेली नाही. मध्ये म्हणाला, 'ताई, त्या दिवशी तू एवढं बोललीस, पण काय झालंय ते विचारलंच नाहीस.'

तर मंडळी, विचारा. सरळ, स्पष्ट विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. स्वतःलाच गरज वाटली तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

काल तो दप्तरवाला पुन्हा दिसला. म्हटलं, 'काय रे, चहा घेणार?' त्याने संशयाने पाहिलं. पण घेतला.