साकुराची तारीख

दिवाळी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे आपल्याला वर्षभर आधी कॅलेंडरात छापून मिळतं. त्याच सवयीने आपण जपानच्या साकुराचीही तारीख विचारायला लागतो. आणि गंमत म्हणजे हल्ली ती सांगणारेही भेटतात! दसरा झाला की वर्तमानपत्रांत जाहिराती सुरू. सात रात्री, पाच शहरं, मार्चचा शेवटचा आठवडा आणि वर ठळक अक्षरांत 'पूर्ण बहर'. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या माहितीपत्रकात बहराचा आठवडा असा छातीठोकपणे छापलेला असतो, त्याच्या भरवशावर ही सहल आखू नये.

का, ते सांगते. तीस वर्षं भूगोल शिकवला आहे, त्यामुळे जरा फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं होईल. चालवून घ्या.

फोटोंत आपण जी फिकट गुलाबी झाडं पाहतो, त्यांतली बहुतेक सोमेइ योशिनो या एकाच जातीची असतात. सोमेइ हे जुन्या टोकियोलगतचं माळ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथून ही जात देशभर पसरली, ती बिया लावून नव्हे तर कलमं बांधून. आपल्या हापूससारखंच म्हणा ना. म्हणजे एका अर्थाने ती सगळी मिळून एकच झाड आहे. म्हणून तर एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. सौंदर्य त्यात आहे आणि जोखीमही त्यातच. एक झाड मागे राहिलं तर शेजारचं तरी फुललेलं मिळेल, अशी सोय नाही.

या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, मग झाड झोपी जातं. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली की झोप मोडते आणि पुढे जशी ऊब मिळेल तशा कळ्या वाढतात. टोकियोसाठी एक ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची; ती ६०० अंशांच्या आसपास पोचली की पहिली फुलं येतात. (सातवीच्या मुलांना गणितात द्यावा असा हिशेब आहे. मला फार आवडला.) पण मेख बघा. फेब्रुवारी-मार्चचं तापमान आदल्या ऑक्टोबरात कोण सांगणार? खुद्द जपानच्या हवामान खात्याने २०१० पासून बहराचे अंदाज वर्तवणं सोडून दिलं. आता खासगी कंपन्या ते वर्तवतात आणि थंडी सरेपर्यंत वरचेवर बदलतात.

खातं आता फक्त निरीक्षण करतं. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात त्यासाठी एक झाड नेमलेलं आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. टीव्हीचे कॅमेरे लावून लोक त्याची वाट पाहतात. ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. तिथून पुढे फार तर आठवडा, आणि पाऊस-वारा आला तर तेवढाही नाही. आता या एका झाडाची नोंद पाहा. २०२३ साली पहिली फुलं १४ मार्चला, २०२४ साली २९ मार्चला आणि २०२५ साली २४ मार्चला. पंधरा-पंधरा दिवसांचा फरक! २०२४ साली मार्चच्या शेवटच्या आठवड्यासाठी पैसे भरून टोकियोला पोचलेल्यांना बहुतेक कळ्याच पाहाव्या लागल्या.

याहून मोठी गोष्ट क्योतोची आहे. तिथल्या दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी आपल्या रोजनिशांत फुलांच्या मेजवान्यांचे दिवस लिहून ठेवले होते. यासुयुकी आओनो या संशोधकाने ते एकेक करून वेचले आणि थेट इ. स. ८१२ पर्यंतच्या तारखा लावल्या. मधली काही वर्षं गाळलेली आहेत, पण बाराशे वर्षांची एवढी नोंद दुसऱ्या कुठल्या झाडाची क्वचितच असेल. शतकानुशतकं बहर साधारण एप्रिलच्या मध्याकडे घुटमळत होता. गेल्या शंभरेक वर्षांत तो भराभर अलीकडे सरकत आला आणि २०२१ साली २६ मार्चलाच क्योतोत पूर्ण बहर आला. त्याआधीच्या बाराशे वर्षांत इतका लवकर कधीच नाही. पृथ्वी तापते आहे आणि सिमेंटची शहरं त्यात भर घालताहेत, ही दोन्ही कारणं यामागे आहेत. मेजवानीचा दिवस लिहून ठेवणाऱ्या त्या भिक्षूला कुठे ठाऊक असेल की आपण एका मोठ्या आजाराचा तापमापक लिहितो आहोत!

आता आपल्यासारख्यांचा प्रश्न. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी, वय ७४, या सहलीसाठी मुदतठेव मोडली आहे. पंचविशीतला मुलगा म्हणेल, या वर्षी नाही तर पुढच्या. आपल्याला तसं म्हणता येत नाही. गुडघे, साखर, घरातलं आजारपण, सगळ्यांची परवानगी काढून एकदाच निघायचं असतं. त्या एकदाच्या जाण्याला पाच शहरांत पळवायचं आणि नशिबात असेल तर फूल दाखवायचं, याला मी सहल म्हणत नाही. लॉटरी म्हणते.

मग आखावी कशी? एका दिवसाला धरून नव्हे, एका वाटेला धरून. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो, त्याला ते 'साकुरा झेन्सेन' म्हणतात, म्हणजे साकुराची आघाडी. मार्चअखेरीस दक्षिणेतल्या क्युशूमध्ये असलेली ही आघाडी होक्काइदोला पोचते तेव्हा एप्रिल सरत आलेला असतो, कधी मेसुद्धा उजाडतो. आपण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं. नारा प्रांतात योशिनो नावाचा डोंगर आहे. तिथली झाडं बहुतांशी रानटी यामाझाकुरा, आणि ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने फुलतात. पायथ्याला झडली असतील तर वर चढायचं. ओसाकाच्या टांकसाळीतली दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची झाडं त्याच सुमाराला फुलतात; १८८३ पासून ती वाट लोकांना थोडे दिवस खुली करतात. मग आगगाडीने उत्तरेकडे. फुकुशिमा प्रांतातल्या मिहारूला एक हजार वर्षांहून जुना झुकत्या फांद्यांचा साकुरा आहे, गुलाबी धबधब्यासारखा. कोरियामापर्यंत शिंकान्सेन आणि पुढे साधी लोकल. मिहारू म्हणजे तीन वसंत. जर्दाळूच्या जातीचं उमे, पीच आणि साकुरा तिथे एकदमच फुलतात, म्हणून ते नाव, असं सांगतात. त्याच्याही वर हिरोसाकी. तो सफरचंदांचा मुलूख. तिथल्या माळ्यांनी सफरचंदाची छाटणी साकुराला लावली आणि शंभरी ओलांडलेली झाडं अजून भरभरून फुलतात.

रेल्वे पास मात्र डोळे झाकून घेऊ नका. सात दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. थोडीच गावं करणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

माझ्या घरच्यांचं म्हणणं वेगळं. 'एवढे पैसे घालून गळलेली फुलं बघायची?' माझं उत्तर, हो, तीही बघायची. झाडाखाली चटया पसरून खातपीत बसण्याला जपानी लोक हनामी म्हणतात, आणि झडणाऱ्या फुलांसाठीही त्यांच्याकडे शब्द आहेत. वाऱ्यावर पाकळ्या भिरभिरल्या की ते फुलांचं हिमवादळ. पाण्यावर त्यांची साय धरली की तो फुलांचा तराफा. हिरोसाकीच्या किल्ल्याचा खंदक पाकळ्यांनी भरतो तो बघायला लोक मुद्दाम जातात. केन्को नावाच्या चौदाव्या शतकातल्या भिक्षूने तर आपल्या निबंधांत, फुलं फक्त ऐन बहरातच का पाहायची, असा वादच घातला आहे. मला तो वाद पटतो. आपण सत्तरी पार केलेल्या माणसांनी ऐन बहराचाच हट्ट धरावा, हे जरा विनोदी नाही का?

असो. आणखी दोन गोष्टी. २९ एप्रिलपासून त्यांची सुट्ट्यांची रांग लागते, तेव्हा गाड्यांत आणि हॉटेलांत जागा मिळत नाही. त्याआधी परतीला लागा. जेवणात माशाचं पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. पण साकुरामोची बिनधास्त खा. तांदळाचा गोळा, आत घेवड्याचं गोड पुरण आणि वर साकुराचं खारवलेलं पान. पान काढून टाकू नका, पुरणाबरोबर तो खारटपणा फार छान लागतो.