घरच्या घरीं : सायकलीवर कॅमेऱ्याची बैठक

सायकलीवरून पाहिलेला घाट किंवा नदीकांठचा रस्ता घरांतील वृद्ध मंडळींस चलचित्रांत दाखवावा, ही मुलांची हौस स्तुत्य होय. परंतु एका हातांत कॅमेरा व दुसऱ्या हातांत हँडल, ही रीत घातक आहे. त्यापेक्षां कॅमेरा हँडललाच घट्ट बसवावा. त्यासाठीं लागणारी बैठक घरीं सहज करतां येते.

सागाचा सुमारें ७५ मिलिमीटर लांब, ४० रुंद व ५० उंच ठोकळा घ्यावा. हँडलची नळी मोजावी. साध्या सायकलीची ती बहुधा २२ मिलिमीटर भरते. नळीहून ३ मिलिमीटर मोठें भोंक ठोकळ्याच्या मधोमध, रुंदीच्या बाजूनें आरपार पाडावें. त्याच्या दोहों अंगांस आवळण्याच्या बोल्टांसाठीं एकेक उभें भोंक व वरून मध्यावर कॅमेऱ्याच्या बोल्टासाठीं एक भोंक पाडावें. मग मोठ्या भोंकाच्या मध्यावरून करवत चालवून ठोकळ्याचे वरचा व खालचा असे दोन भाग करावे. कॅमेऱ्याचा बोल्ट वरच्या भागांत आंतून घालून त्याचें डोकें लांकडांत बसवावें व वरून नट आवळावा. नळीभोंवतीं जुन्या ट्यूबचें रबर गुंडाळून दोन्ही भाग आवळावे.

बोल्ट निवडतांना सावध असावें. कॅमेऱ्याच्या तळाचें भोंक बहुधा पाव इंची, इंचास २० आट्यांचें असतें. ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसण्यांत तसाच. पण त्याचे आटे निराळे असल्यामुळें बळेंच फिरविल्यास कॅमेऱ्याचें भोंक बिघडतें. भोंकाची खोली आगकाडीनें मोजावी. बोल्ट तळास टेकतां कामा नये. कॅमेरा बसविल्यावर दुसरा नट खालून त्यास भिडवावा, म्हणजे तो फिरणार नाहीं. बैठक जितकी बुटकी, तितका हादरा कमी.

मोबाईल बसवावयाचा असल्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोटारसायकलीच्या जोरदार कंपनांनीं आयफोनच्या कॅमेऱ्यांतील स्थिरतेची यंत्रणा बिघडूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनें २०२१ सालीं दिला. सायकलीस इंजिन नाहीं हें खरें. तरी खडबडीत रस्त्यावर जुनेंच यंत्र वापरणें शहाणपणाचें.

शेवटीं कॅमेऱ्यास मजबूत दोरी बांधून ती हँडलला अडकवावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून व ब्रेक दाबून कांहीं अडत नाहीं ना, हें वडील माणसानें स्वतः पाहावें. कॅमेरा निघण्यापूर्वीं सुरू करावा व थांबल्यावरच बंद करावा. वाटेंत त्याकडे पाहूं नये. चित्र थोडें वांकडें आलें तरी चालेल. तें दाखविणारें मूल सुखरूप घरीं आलें पाहिजे.